घरी बनवलेली लाकडी सायकल: वर्षभर चालवल्यानंतर

लाकूड टिकलं. सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. फ्रेमला तडा नाही, पीळ नाही, एकही सांधा उकललेला नाही. ऊन, पाऊस, खड्डे सगळं झालं. जी काही कटकट झाली ती लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथेच.

फ्रेम अ‍ॅशच्या लाकडाची आहे, डावी आणि उजवी अशा दोन भागांत केलेली. दोन्ही भाग राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) आतून कोरून पोकळ केले, केबलची वाट त्यातच ठेवली आणि मग इपॉक्सीने (दोन घटक मिसळून वापरायच्या पक्क्या गोंदाने) एकमेकांना चिकटवले. फ्रेम वाकायला लागली की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, मधलं लाकूड नुसतं ओझं असतं, म्हणून एवढा खटाटोप. तरी वजन ३ किलोच्या थोडं वरच आहे. तेवढ्याच मापाची ॲल्युमिनियमची फ्रेम याहून बरीच हलकी येते, तेव्हा वजनासाठी कुणी या फंदात पडू नये. चाकं, ब्रेक, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) विकतचे. गिअर फक्त मागे, कारण पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) गोल नळीला पकडतो आणि माझ्या फ्रेमला बाहेरून गोल नळी कुठेच नाही.

मापं अंगवळणी पडलेल्या जुन्या सायकलवरून घेतली आणि कागदावर पूर्ण आकारात आखणी केली. हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीचा कल, ७२ अंश. अडलं ते चेनस्टेपाशी, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीपाशी. स्टीलचा चेनस्टे बारीक असतो. लाकडाचा तेवढ्याच ताकदीचा करायचा तर जाड होतो, आणि टायर आणि चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चाकाच्या) मधल्या फटीत मावत नाही. मी लांबी ४५५ मिमीपर्यंत नेली तेव्हा कुठे ३८ मिमीचा टायर बसला. त्यामुळे सायकल सरळ रस्त्यावर अगदी निश्चिंत चालते, पण गर्दीत चटकन वळवायची तर जरा आळशी वाटते. मला चालतं. ज्यांना चपळ सायकल हवी त्यांना नाही चालणार.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला महागडं काही लागत नाही. मागच्या एका ड्रॉपआऊटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) दोरा निघतो, हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला येतो. दोन्ही बाजूंना दोरा आणि सीट ट्यूबमधलं (सीटखालच्या उभ्या भागामधलं) अंतर मोजायचं. सारखं आलं की मागचं चाक मधोमध बसणार. मी हे अधूनमधून अजूनही करते. अंतर हललेलं नाही.

आता बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट: पेडलचा आस जिथे फिरतो ती जागा. पहिली दुचाकी लाकडीच होती की, असं लोक हौसेने ऐकवतात. खरंय, १८१७ साली कार्ल फॉन ड्राइसने बनवलेली. पण तिला पेडल नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं. लाकडी फ्रेमची खरी परीक्षा पेडल आल्यावर सुरू होते, कारण पायाचा सगळा जोर बीबीच्या भोकात उतरतो.

माझ्या फ्रेमच्या त्या भोकात आटे पाडलेली ६८ मिमी लांबीची ॲल्युमिनियमची नळी इपॉक्सीने बसवलेली होती. पहिले काही महिने आवाज नाही. मग हवा कोरडी झाली आणि उभं राहून चढ चढताना उजवं पेडल खाली गेलं की ‘टक्’. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून ग्रीस लावलं, पेडल आवळले, चेनरिंगचे बोल्ट तपासले; धातूच्या सायकलीतही करकर बहुतेक वेळा तिथूनच येते. फरक शून्य. मग दोन दिवस झड लागली आणि आवाज आपोआप बंद! तिथे डोक्यात प्रकाश पडला. लाकूड दमटपणाने फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही: लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत बऱ्यापैकी. म्हणजे गोल पाडलेलं भोक कोरड्या दिवसांत किंचित लंबगोल होतं. आतली नळी मात्र गोल ती गोलच. त्यात बीबीचे कप (बेअरिंग धरणाऱ्या आट्यांच्या वाट्या) आवळायला ३५ ते ५० न्यूटन मीटरचा टॉर्क लागतो, तो पीळही चिकटवलेल्या थरालाच सोसावा लागतो.

उपाय केला तो असा. भोकाभोवतीचं लाकूड काढून तिथे बर्च प्लायवूडचा ठोकळा बसवला. प्लायमध्ये एका थराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे, त्यामुळे सगळ्या बाजूंनी हालचाल कमी आणि सारखी. नवी नळी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केली, ॲसिटोनने पुसली आणि लगेच चिकटवली, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढायला वेळ लागत नाही. त्यानंतरचा कोरडा हंगाम चिडीचूप गेला. नव्याने करणाऱ्यांनी प्लायचा ठोकळा पहिल्यापासूनच धरावा.

आरामाबद्दल. लाकूड बारीक थरथर खातं हे खरं, खडबडीत रस्त्यावर हाताला मुंग्या येत नाहीत. पण हीच चाकं मी स्टीलच्या सायकलला लावून बघितली आणि निम्म्याहून जास्त श्रेय रुंद टायरचं आणि कमी हवेचं निघालं. लाकडाचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत.

उघड्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडतं, म्हणून वरून उन्हाला टिकणारं व्हार्निश. जिथे केबल घासते आणि जिथे कुलूप आपटतं तिथे ते उडतंच. ओलावा आत शिरून काळा डाग पडायच्या आत घासून पुन्हा हात मारावा लागतो. बीबीच्या खाली पाणी निघायला एक भोक ठेवलंय, ते चिखलाने बुजलं नाही ना हे धुताना बघते. सागवान का नाही, असंही विचारतात. कुजत नाही म्हणून सागवान उत्तमच, पण तेलकट लाकूड. चिकटवण्याआधी नीट पुसून घेतलं नाही तर इपॉक्सी धरत नाही.

फोर्क लाकडाचा करणार का? नाही. स्टीलचा फोर्क मोडण्याआधी बहुधा वाकतो, लाकडाचा सूचना न देता जाईल, आणि तोही ब्रेक दाबलेला असताना. कॅरिअरही लावलेलं नाही. त्याचे बोल्ट पोकळ लाकडात धरायला आत भरीव ठोकळे लागतात, आणि ते चिकटवण्यापूर्वीच ठेवावे लागतात. सामान सध्या पाठीवरच्या सॅकमध्ये.