पॅडिंग्टनचे दोन भाग: एकच पाहायचा असेल तर कोणता?

मुलांसोबत एका संध्याकाळी एकच चित्रपट पाहायचा असेल आणि समोर पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट सांगणारे ‘पॅडिंग्टन’ (२०१४) व ‘पॅडिंग्टन २’ (२०१७) असे दोन पर्याय असतील, तर दुसरा निवडावा, असे माझे मत आहे. कौटुंबिक चित्रपटाच्या दुसऱ्या भागाबाबत असे मत देताना मी एरवी कचरतो, कारण पहिल्या भागातले विनोद अधिक गोंगाटात पुन्हा सादर करायचे, पात्रांची गर्दी वाढवायची आणि गोष्ट मात्र होती तिथेच ठेवायची, हा अशा चित्रपटांचा नेहमीचा प्रकार असतो. येथे तसे घडलेले नाही. मात्र पहिल्या भागात असेही काही आहे, जे दुसऱ्याला साधलेले नाही.

दोन्हींचा दिग्दर्शक पॉल किंग हाच आहे, अस्वलाला आवाज बेन व्हिशॉचा आहे, त्याला लंडनमध्ये घरी ठेवून घेणाऱ्या ब्राउन दांपत्याच्या भूमिकांत ह्यू बॉनव्हिल आणि सॅली हॉकिन्स आहेत, आणि दोन्ही चित्रपट पावणेदोन तासांच्या आत संपतात. त्यामुळे फरक पडतो तो पटकथेत.

पहिला भाग घर मिळण्याची गोष्ट सांगतो. पेरूच्या जंगलातील भूकंपात पास्तुझो काका दगावतात, लूसी मावशी वृद्ध अस्वलांच्या आश्रमात जाते आणि गळ्यात ‘या अस्वलाची काळजी घ्या’ अशी चिठ्ठी अडकवलेले पिल्लू जहाजात लपून लंडनला पोहोचते. मूळ पुस्तकांचे लेखक मायकेल बाँड यांना ही चिठ्ठी सुचली ती युद्धकाळात घरापासून दूर पाठवल्या गेलेल्या मुलांच्या आठवणीतून, आणि चित्रपटाने तो धागा सोडलेला नाही: पुराणवस्तूंचे दुकान चालवणारे ग्रूबर आपण लहानपणी निर्वासित म्हणून या शहरात कसे आलो ते सांगतात, तेव्हा विनोदी चित्रपट काही क्षण गंभीर होतो आणि तरी जड होत नाही. विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणारे हेन्री ब्राउन प्रत्येक गोष्टीत आधी धोका पाहतात. त्यांचे बदलणे हाच या चित्रपटाचा खरा कणा आहे. (टॅक्सीतून जाणाऱ्या पॅडिंग्टनकडे पाहून पेला उंचावणारे वृद्ध गृहस्थ म्हणजे स्वतः बाँड, हे ठाऊक असेल तर ते दृश्य अधिक आवडते.)

पहिला भाग कमी पडतो तो खलनायिकेच्या बाबतीत. अस्वलाला मारून, त्यात पेंढा भरून संग्रहालयात ठेवू पाहणारी मिलिसेंट निकोल किडमनने झोकात रंगवली आहे. पण ब्राउन कुटुंबाच्या घरातली गोष्ट आणि तिचा पाठलाग या दोन गोष्टी बराच काळ एकमेकींना स्पर्श न करता चालतात, आणि शेवटी त्या एकत्र आणण्यासाठी पटकथेला घाई करावी लागते.

दुसऱ्या भागाला ओळखी करून देण्याचे काम उरलेले नसते, आणि वाचलेला वेळ त्याने फार हुशारीने वापरला आहे. सुरुवातीच्या काही मिनिटांत आपल्याला कळते की मिसेस ब्राउन पोहण्याचा कसून सराव करतात, हेन्री योगासनांच्या मागे लागले आहेत, मुलगी वर्तमानपत्र छापते आणि मुलाला वाफेच्या इंजिनांचे वेड आहे. हे सारे गमतीचे तपशील म्हणून येते आणि शेवटच्या रेल्वेच्या पाठलागात यातील बहुतेक गोष्टी कामी येतात. मुलांना हा जोड लक्षात आल्याचा आनंद होतो आणि मोठ्यांना रचनेचे कौतुक वाटते.

याहून महत्त्वाचा बदल असा की, पहिल्या भागात पॅडिंग्टन इतरांच्या दयेवर अवलंबून आहे, तर दुसऱ्यात त्याच्या चांगुलपणाचीच परीक्षा होते. लूसी मावशीच्या शंभराव्या वाढदिवसासाठी त्याला लंडनचे एक जुने पुस्तक घ्यायचे असते, ज्याची पाने उघडताच कागदी इमारती उभ्या राहतात; त्या कागदी शहरातून तो मावशीला फिरवून आणतो, ते कल्पनादृश्य दोन्ही चित्रपटांतील सर्वांत सुंदर दृश्य आहे. पुस्तक चोरीला जाते, आळ त्याच्यावर येतो आणि तो तुरुंगात जातो. तेथे एका लाल मोज्यामुळे सगळ्या कैद्यांचे कपडे गुलाबी होतात, आणि ब्रेंडन ग्लीसनने साकारलेला तापट स्वयंपाकी पॅडिंग्टनच्या मार्मालेडच्या (संत्र्याच्या मुरंब्याच्या) एका घासाने विरघळतो. तिकडे पॅडिंग्टन नसल्यामुळे गल्लीतल्या शेजाऱ्यांची रोजची घडी कशी विस्कटते, हेही चित्रपट थोडक्यात दाखवतो. खलनायकही याच विषयातून आला आहे: ह्यू ग्रँटचा फीनिक्स बुकानन हा कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातींपर्यंत घसरलेला, दहा माणसांची सोंगे घेणारा आणि एकाही माणसाकडे न पाहणारा नट आहे. स्वतःची इतकी थट्टा करून घेण्याची तयारी फार थोडे तारे दाखवतात.

दुसऱ्या भागातील उणीव म्हणजे हेन्रींना येथे बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, आणि परक्या मुलखात आलेल्याचे एकटेपण जवळजवळ नाहीसे झाले आहे. घरात स्थलांतराविषयी बोलणे सुरू करायचे असेल, तर पहिलाच भाग अधिक उपयोगी पडेल.

लहान मुलांच्या भीतीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ब्रिटनमध्ये दोन्हींना पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असे) प्रमाणपत्र आहे, पण भीतीची जात वेगळी आहे. पहिल्यात ती सुरुवातीच्या मृत्यूपासून पेंढा भरण्याच्या धमकीपर्यंत सतत पार्श्वभूमीला असते; दुसऱ्यात ती एकाच प्रसंगात एकवटते, जेव्हा पॅडिंग्टन पाण्यात बुडालेल्या रेल्वेच्या डब्यात अडकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या आधी ‘तो सुखरूप बाहेर येतो’ एवढे सांगून ठेवले की पुरते, तर पहिल्यातील धमकी अशी एका वाक्यात निवारता येत नाही. दोन संध्याकाळी हाताशी असतील, तर अर्थातच क्रमाने पाहावे: दुसरा भाग पहिला न पाहताही पूर्ण समजतो, पण लूसी मावशीचा निरोप ज्याने आधी पाहिला आहे, त्याला त्याचा शेवट कितीतरी अधिक भिडतो.