फॅमिली लिंक: आठ महिने वापरून झाल्यावर

माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मी कामावरून साडेसहाला येते, तोवर घरी ती आणि आबा, म्हणजे माझे सासरे. मला फोन करता यावा म्हणून माझा जुना अँड्रॉइड तिला दिला. एका रात्री साडेअकराला पांघरुणाखाली उजेड दिसला. मातीच्या बाहुल्यांचे व्हिडिओ, एक संपला की पुढचा आपोआप सुरू. त्याच आठवड्यात गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनला वेळेची मर्यादा घालणारं अ‍ॅप, बसवलं.

पैसे पडत नाहीत. मुलीचं खातं आपल्या खात्याला जोडायचं, मग सगळं आपल्या फोनवरून ठरवता येतं. मी एरवी रोज एक तास, रविवारी दोन आणि रात्री नऊ ते सकाळी सात बंद असं ठेवलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत राहायला सांगितलंय, तोच आधार धरला. एकेका अ‍ॅपलाही वेगळी वेळ देता येते. शब्दकोशासारखी अ‍ॅप मोजणीबाहेर ठेवता येतात, ते मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या. मी केलं नव्हतं, आणि गृहपाठाच्या ऐन वेळी पोरगी अडली.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती वेळ संपत आल्याची सूचना. आधी मी हातातून फोन ओढून घ्यायचे आणि अर्धा तास रडारड चालायची. आता पंधरा मिनिटं उरली, पाच उरली, हे फोनच सांगतो. हातातलं संपवून ती स्वतः उठते. कुलूप लागल्यावरही आलेला फोन उचलता येतो, त्यामुळे दुपारी माझी चौकशी चुकत नाही.

महिनाभर आकडे बघून मी खूश होते. मग आबांच्या फोनचा डेटा दुपारीच संपायला लागला. तास भरला की ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची. मी विचारल्यावर आबा म्हणाले, "अगं, दुपार मोठी असते. फोन दिला की शेजारी बसते तरी." यावर मी काय बोलणार? म्हाताऱ्या माणसाला सोबत हवी होती. ती कुठल्या सेटिंगमध्ये नसते.

आमच्याच सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. मोठ्यांचेही. तेच आम्ही घरात उचललं. सात ते साडेआठ तिघांचेही फोन फ्रिजवर. पहिला आठवडा सगळ्यात जड मलाच गेला, ऑफिसचा ग्रुप त्याच वेळी वाजतो. आबांनी तिला पाच-तीन-दोन शिकवलं. त्याला तीनच माणसं लागतात, त्यामुळे मला उठून जाताच येत नाही. दुपारीही आता पत्ते निघतात, दोघांचा झब्बू चालतो.

अ‍ॅपला पाचपैकी पाच, सांगितलेलं काम ते चोख करतं. मर्यादा हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त मुलांपासून लपवून बसवू नका. वेळा ठरवताना मी तिला शेजारी बसवलं होतं. रात्री साडेआठ की नऊ यावर ती भांडली, आणि नऊ तिचेच आहेत. आठवी-नववीतली मुलं असतील तर हे बोलणं एका बैठकीत उरकणार नाही, तेवढा वेळ काढा.