नवं लॅच म्हणून जुनाच सिलिंडर: भाडेकरूंनो, चावीवाल्याकडून असे फसू नका

भाड्याच्या फ्लॅटमध्ये सामान लावायच्या आधी लॅच बदलून घ्यावं, हे बहुतेकांना पटलेलं आहे. आधीचे भाडेकरू, एजंट, रंगारी, कितीतरी हातांतून किल्ली फिरलेली असते. पण हे बदलतानाच अनेक जण फसवले जातात, आणि चोरी होईपर्यंत त्यांना पत्ताही लागत नाही.

प्रकार साधारण असा चालतो. इंटरनेटवर मिळालेल्या नंबरवर फोन केला की 300-400 रुपयांत काम होईल असं सांगतात. माणूस दारात आला की म्हणतो, लॅच आतून गेलंय, ड्रिल मारावं लागेल. एकदा ड्रिल मारलं की जुनं लॅच निकामी होतं आणि त्याच्या पिशवीतलं घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बिल हजारांत जातं. वास्तविक दार उघडं असेल तर ड्रिलची गरजच नसते. नाइट लॅचची पेटी दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूंनी बसवलेली असते आणि बाहेरचा सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली घालतो तो गोल भाग, मागच्या पट्टीतून आलेल्या दोन लांब स्क्रूंनी धरलेला असतो. पेटी काढली, ते दोन स्क्रू सोडले की सिलिंडर हातात येतो.

पैसे गेले एवढ्यावर थांबलं तरी ठीक, खरा धोका त्या पिशवीतल्या लॅचमध्ये असतो. दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतून काढलेला सिलिंडर पॉलिश करून नवा म्हणून बसवतात. तुमची जुनी किल्ली त्याला लागत नाही, त्यामुळे तुम्ही निर्धास्त होता. पण त्याच्या मूळ किल्ल्या कोणाकडे आहेत, हे फक्त बसवणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून बसवण्याआधी सिलिंडर टॉर्चच्या उजेडात बघा. किल्लीच्या भोकाभोवती बारीक ओरखडे, स्क्रूच्या डोक्याच्या खाचा खाल्लेल्या, किल्लीच्या दात्यांना हाताला लागणारी धार, यातलं काहीही दिसलं तर तो माल नवा नाही. कंपनीच्या किल्लीचे दाते साफ असतात. धार राहते ती मशीनवर घाईत काढलेल्या डुप्लिकेटला. सगळ्यात बरं म्हणजे लॅच स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून सीलबंद आणावं, पक्कं बिल घ्यावं आणि कारागिराला फक्त बसवणुकीचे पैसे द्यावेत. खोक्यावर किल्ल्यांची संख्या छापलेली असते. खोकं स्वतः फोडा, किल्ल्या मोजा, एकच त्याच्या हातात द्या. तो ती घेऊन 'तेल आणतो' म्हणत गाडीपाशी निघाला तर जाऊ देऊ नका. घरमालकाची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या आणि काढलेलं लॅच जपून ठेवा, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

नवं लॅचसुद्धा नुसतं दार ओढून घेतलं तर कुचकामी ठरतं. तेव्हा फक्त स्प्रिंगचा तिरका बोल्ट बसलेला असतो आणि फटीतून घातलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने तो मागे सरकू शकतो. ज्या लॅचला डबल लॉक, म्हणजे बोल्ट मागे सरकू न देणारी सोय आहे, त्यात बाहेरून किल्ली फिरवून ते लावाच. बोल्ट ज्यात अडकतो त्या चौकटीवरच्या खोबणीचे आखूड स्क्रू बदलून, चौकट लाकडी असेल तर, 40 ते 50 मिमीचे घाला. एका लाथेत आधी उखडते ती खोबणीच. बाहेरच्या कडी-कोयंड्याला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि आतून नट हवेत. बाहेरून दिसणारा स्क्रू चोर सरळ फिरवून काढतो.

किल्लीने झालेल्या चोरीत विम्याचीही अडचण येते. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा जबरदस्तीने शिरल्याची खूण लागते. दार शाबूत असेल तर दावा अडतो. 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीच्या भरवशावरही राहू नका. आग, पूर यांसारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत झालेली चोरीच तिच्यात येते, नेहमीची घरफोडी नाही.

दार न फोडता चोरी झालेली दिसली तर लॅचला हात न लावता 112 वर फोन करा. लॅच कधी, कोणाकडून बसवलं हे तक्रारीत लिहायला सांगा आणि बिल, चावीवाल्याचा नंबर, पैसे पाठवल्याची नोंद सोबत द्या. सिलिंडर पोलिसांनी पाहिल्याशिवाय काढून टाकू नका. त्यावर उचकटल्याच्या खुणा आहेत की तो किल्लीनेच उघडला गेला, हे तो तपासल्यावरच कळू शकतं.