हरकत नोंदवायची की सभेत बसायचं?

नागपुरात मैदान किंवा बगिच्याचं आरक्षण बदलायचं असलं की 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 37 लागतं. सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, मग सुनावणी. शेवटची मोहोर मात्र राज्य सरकारची. आपण बोलतो, ठरवत नाही. त्यात ती सरकारी भाषा समजून घ्यायलाच अर्धा महिना जातो! तरी हरकत फुकट जात नाही. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर लेखी कागदच कामी येतो, म्हणून पोच घ्याच.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची तऱ्हा उलटी. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते, तेही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. वेळ लागतो, पण ठरलेलं सगळ्यांचं असतं.

शहराला हे जसंच्या तसं जमणार नाही. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये पार्किंगवरच एकमत होत नाही. पण वस्तीतल्या मैदानापुरतं तरी मला सभाच हवी.