नाशिकच्या गंगापूर धरणाजवळचा फार्मस्टे : रेंज फक्त शेततळ्याच्या बांधावर

आधी स्टार सांगून टाकते. पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच, पण रेंज नव्हती म्हणून नाही कापला.

मार्चचा शेवटचा शुक्रवार ते रविवार, दोन रात्री. आम्ही चौघं आणि सासूबाई. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, नवीन वर्ग १ एप्रिलपासून, मधे जेमतेम आठवडा. बुकिंग फेब्रुवारीत केलं होतं. तेव्हा अप्पा ठणठणीत होते, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय ७४, सांगलीला दादाकडे असतात. रात्री चार-चार वेळा उठावं लागतंय म्हणून दादाने रक्त तपासून घेतलं तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका दाखवणारा आकडा, १४ निघाला. साधारण चारच्या आत असावा म्हणतात. मग एमआरआय, मग बायोप्सी, प्रोस्टेटचे बारा तुकडे काढले. रिपोर्ट शनिवारी चारनंतर मिळणार, म्हणजे बरोब्बर आमच्या सहलीच्या मधल्या दिवशी. मी कॅन्सलच करणार होते. अप्पांनी फोनवर झापलं. "तू इथं येऊन काय करणार हाईस? पोरांना घेऊन जा गप."

म्हणून मी फार्मस्टेला फोन करून विचारलं, अचानक निघावं लागलं तर पैशांचं कसं? उचलला मालकीणबाईंनी. म्हणाल्या, "या तर आधी. निघायची वेळ आली तर निघा, त्याचं काय एवढं." याला रिफंड पॉलिसी म्हणत नाहीत हे मला कळतं, पण त्या एका वाक्यावर मी बॅगा भरल्या. रेंजचं विचारायचं राहूनच गेलं. पेजवर 'डिजिटल डिटॉक्स' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, ते नवऱ्याने वाचलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीहून आमण्याला समृद्धी महामार्ग पकडला की इगतपुरीपर्यंत कसारा घाट लागतच नाही. मधे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मुलं खूश, मी फोनकडे बघत बसलेली, कारण आत शिरल्या शिरल्या रेंज गेली. बाहेर पडताच दादाचा मिस्ड कॉल दिसला. काळजात धस्स झालं. त्याला विचारायचं होतं की नाशिकची द्राक्षं आणणार का, अप्पा विचारतायत. पुढे घोटी, वाडीवऱ्हे, मग नाशिक. सिंहस्थाची कामं चालू असल्याने शहरातून बाहेर पडायला पाऊण तास गेला, तो वेळ हिशेबात धरा.

जागा सावरगावच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यापासून पाचेक मिनिटांवर. द्राक्षबागेच्या कडेला तीन खोल्या आणि मागे मालकांचं, म्हणजे काका-काकूंचं, स्वतःचं घर. खोलीला ३,२०० रुपये, नाश्ता त्यातच, जेवण ताटाला ३००. खोल्या स्वच्छ, चादरी उन्हात वाळवलेल्या. गरम पाणी सोलरचं, सकाळी सातच्या आत गेलात तर कोमट मिळेल. डास आहेत, ओडोमॉस न्या. संडासाच्या दाराची कडी आमच्या खोलीत नीट लागत नव्हती, सांगितल्यावर काकांनी त्याच दिवशी बदलली.

आता रेंज. खोलीत शून्य, अंगणात शून्य, कोणत्याही सिमला. मी हात वर करून अंगणभर फिरतेय हे बघून काकू म्हणाल्या, "शेततळ्याच्या बांधावर जा ताई, तिथं दोन काड्या येतात." मी जरा चिडूनच डिजिटल डिटॉक्सचं बोलले. तर त्या म्हणाल्या, "ते पोराने टाकलंय नेटवर. आम्हाला विचारा की, आम्ही टॉवरसाठी किती अर्ज केले."

का हवी आहे रेंज, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. संध्याकाळी बांधावर गेले तर तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली. अंधार पडल्यावर बघते तर खुर्चीच्या पाठीला बॅटरी अडकवलेली. रात्री साडेदहाला मी तिसऱ्यांदा तिकडे निघाले तेव्हा काका त्यांचा साधा बटणांचा फोन घेऊन आले. "ह्याला ओट्यावर येते कधी कधी रेंज. हा नंबर देऊन ठेवा घरी. वाजला तर मी उठवतो तुम्हाला." सासूबाईंनी तेवढ्यात त्यांना सगळं सांगून टाकलं असणार. त्यांच्या पोटात काही राहत नाही, पण या वेळी बरंच झालं.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. पहिल्या रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, वर भाजलेला नागलीचा पापड. आमच्या सांगलीकडे कारळ्याची चटणी करतात ती हीच, पण काकूंची जरा भरड होती आणि तीत लसूण हात न आखडता घातलेला. आमटी सालीच्या उडदाची, काळपट, दाट, भाकरीला धरून बसणारी. नागलीची भाकरी थापायला सोपी नाही, उकड नीट जमली नाही तर कडेने चिरते. काकूंच्या भाकरीला एक चीर नव्हती. धाकट्याने रंग बघूनच नाक मुरडलं होतं, त्याने दीड भाकरी खाल्ली. मला घास उतरत नव्हता. काकूंनी आग्रह केला नाही. झोपायच्या आधी तांब्यात ताक आणि दोन पापड खोलीच्या दाराशी ठेवून गेल्या. ते मात्र संपलं.

बाग स्वतः काका दाखवतात, वेगळे पैसे नाहीत. बहुतेक काढणी उरकली होती, एकच प्लॉट राहिला होता, थॉमसन जातीच्या द्राक्षांचा. तिथे प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला, जुन्या वर्तमानपत्राचा, स्टेपलर मारून. मुलांना वाटलं गिफ्ट पॅक केलंय. काकांनी समजावलं की रात्री थंडी आणि दिवसा ऊन असं झालं की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, मग निर्यातीचा व्यापारी तो माल घेत नाही, म्हणून कागद. एकेका घडाला हाताने. थोरली वाकून एका घडावरचं राशिभविष्य वाचत बसली, तिची रास अर्धी फाटलेली होती. काका म्हणाले, आता एप्रिलमध्ये खरड छाटणी, सगळ्या काड्या कापायच्या आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा फळासाठी छाटायचं. वर्षातून दोनदा छाटून पीक एकदाच, हा हिशेब धाकट्याला काही पटला नाही. तो घरी येईपर्यंत त्यावर वाद घालत होता.

शनिवारी काका म्हणत होते नांदूरमधमेश्वरला जा, पक्षी बघा. रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. पण ते निफाड तालुक्यात, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, आणि मला चारच्या आत बांधावर परतायचं होतं. त्र्यंबकेश्वरही म्हणूनच सोडलं. सासूबाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही, हे नोंदवून ठेवते. गंगापूर रोडला मिसळ खाल्ली. नाशिकात मिसळ कुठली खावी यावर नाशिककरांशी वाद घालू नये, तेव्हा हॉटेलचं नाव लिहीत नाही. पापड-दही घेऊन येणारी ही मिसळ कोल्हापूरच्या कटासमोर सौम्यच, पण काळ्या मसाल्याचा वास घरी आलो तरी हाताला होता. मग सोमेश्वर. मार्चअखेरीला धबधब्याला पाणी कसलं, पण महादेवाचं देऊळ झाडीत आहे, गार आहे. सासूबाई पंधरा मिनिटं डोळे मिटून बसल्या. मी बाहेर पायरीवर फोन धरून बसले, कारण तिथे चार काड्या होत्या. साडेतीनला परत.

चार वाजून गेले. साडेचार. पाच. काकूंनी चहा बांधावरच पाठवला, पोराच्या हाती, आल्याचा, बशी झाकून. पाच वीसला फोन आला तो काकांच्या बटणांच्या फोनवर. काका ओट्यावरून वेलींच्या रांगेतून पळत आले, साठीचा माणूस, एक चप्पल मागेच राहिलेली. फोन माझ्या हातात दिला आणि लगेच पाठ फिरवून लांब जाऊन ठिबकच्या नळ्या बघायला लागले. नळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

दादा म्हणाला, अकरा तुकडे स्वच्छ आहेत. बाराव्यात शंका आहे, त्यावर आणखी एक तपासणी करायला पाठवलंय, चार-पाच दिवस लागतील. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मग अप्पांनी फोन ओढून घेतला. "द्राक्षं कसली हाईत तिथं?" थॉमसन, मी म्हटलं. "आपलं तासगाव काय ओस पडलंय व्हय, नाशिकची खायला? ... आण एक पेटी. बघू तरी."

मी किती वेळ बांधावर बसले माहीत नाही. त्या रात्री शेवभाजी होती आणि मी दोन वेळा मागून घेतली.

आता कापलेला स्टार. तो याच शेततळ्याचा. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, पाणी जिरू नये म्हणून. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. इथे तारेची जाळी तीन बाजूंना आहे, चौथी उघडी, आणि बरोब्बर त्याच बाजूला रेंज येते. म्हणजे प्रत्येक पाहुणा फोन घेऊन तिथेच जाणार, मागून त्याची मुलं येणार. शुक्रवारी रात्री मी बोलत असताना धाकटा माझ्या मागे कधी येऊन उभा राहिला मला कळलंही नाही. काठाला गाठी मारलेला दोर सोडलेला आहे आणि एक ट्यूबही टांगलेली आहे, पण पैसे घेऊन कुटुंबं ठेवता तर एवढं पुरत नाही. निघताना मी हे काकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी कारणं दिली नाहीत. "जाळी आणलीय, खांब राहिलेत," म्हणाले आणि गोठ्यामागे पडलेलं जाळीचं भेंडोळं दाखवलं. त्यावर चांगली धूळ होती.

लहान मुलं असतील तर जाळी झाली का हे विचारूनच बुकिंग करा. ऑफिसचं काम घेऊन जाणार असाल तर जाऊच नका. म्हाताऱ्या माणसांना खोल्या सोयीच्या आहेत, पायऱ्या दोनच, कमोड आहे.

हिशेब करताना काकूंनी शनिवारच्या रात्रीच्या माझ्या ताटाचे पैसे लावले, शुक्रवारचे लावले नाहीत. मी म्हटलं, ताट तर वाढलं होतं. "जेवला कुठं तुम्ही," एवढंच म्हणाल्या. दोन किलोची पेटी मात्र पूर्ण पैसे मोजून घेतली, ती अप्पांची होती.

मंगळवारी रात्रीच्या गाडीने सांगलीला निघतेय, पेटी फ्रीजमध्ये आहे. काकांना सांगून आलेय, जाळी लागली की फोटो पाठवा. आला की इथे पाचवा स्टार देईन. फोटो मात्र त्यांना बांधावर जाऊनच पाठवावा लागेल.