पेन टॅब्लेटचे आठ महिने आणि थरथरणारी रेषा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पेन टॅब्लेटवरील, म्हणजे पेनाने ओढलेली रेषा लॅपटॉपच्या पडद्यावर उमटवणाऱ्या पाटीवरील, रेषा पुन्हा थरथरू लागली आणि आठ महिन्यांच्या वापराचा हा अनुभव लिहिण्याचे निमित्त मिळाले. टॅब्लेट बिनपडद्याचा, साधारण सहा बाय चार इंचांचा, बिनबॅटरीच्या पेनचा आणि दाबाच्या ८१९२ पातळ्यांचा आहे. या किमतीतले बहुतेक टॅब्लेट असेच असतात, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मी ३,२०० रुपये मोजले.

मी दारव्हा तालुक्यातील एका गावात राहतो. चित्रकला शिक्षक म्हणून माझी उभी नोकरी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवण्यात गेली. ‘रेषा एका दमात ओढ, खरवडू नको’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. निवृत्तीनंतर भाचीने तिचा जुना लॅपटॉप दिला, त्यात क्रिता हे चित्रे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर घालून दिले आणि ‘मामा, आता कागद-रंगांचा खर्च वाचेल’ असे सांगितले. खर्च वाचण्याची गोष्ट मला नेहमीच लवकर पटते.

पहिले पंधरा दिवस हात खाली आणि नजर वर, या कसरतीत गेले. डवरा चालवणारा माणूस रुमण्यावरच्या हाताकडे न पाहता कपाशीच्या ओळींकडे पाहतो, तसेच हे असल्याचे ध्यानात आल्यावर ती अडचण संपली. काढलेले वर्तुळ अंड्यासारखे दिसत होते, कारण टॅब्लेटच्या आणि पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण जुळत नव्हते. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम राखण्याची खूण केल्यावर टॅब्लेटची थोडी जागा वाया गेली, परंतु वर्तुळ गोल झाले. नवशिक्याने हे पहिल्याच दिवशी करावे.

त्यानंतर मात्र रेषेची थरथर लक्षात येऊ लागली. भरभर ओढलेली रेषा ठीक येई. सावकाश ओढलेली रेषा करवतीच्या दात्यांसारखी उमटे. माझे वय एकोणसाठ. हात कापू लागला, अशी शंका मनात आली आणि ती मी घरात कोणालाही सांगितली नाही. रात्री गुपचूप पेन्सिलीने कागदावर रेषा ओढून पाहिल्या, त्या सरळ आल्या. तरी मनाची खात्री पटेना. क्रितामधील स्टॅबिलायझर वापरून पाहिला. त्याने थरथर झाकली जाते, पण रेषा पेनाच्या मागून, दाव्याने ओढत आणलेल्या वासरासारखी येते. त्या कुबडीवर मी सहा आठवडे काढले.

दरम्यान कंपनीच्या सेवा विभागाशी माझा पत्रव्यवहार चालू होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, असे त्यांनी चार वेळा सांगितले आणि मी ते चारही वेळा केले. पुढे पेन सदोष असल्याचे मान्य करून त्यांनी नवा पेन पाठवला, तो तेवीस दिवसांनी पोहोचला आणि पहिल्याच रेषेला पूर्वीइतकाच थरथरला. त्या संध्याकाळी मी एक अत्यंत कडक पत्र लिहायला बसलो असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. सवयीने एक रेषा ओढली, आणि ती तारेसारखी सरळ आली. दहा ओढल्या, दहाही सरळ. तासाभराने वीज आली, चार्जर चालू झाला आणि करवतीचे दाते परत आले.

पत्र तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि म्हणाला, “सर, अर्थिंगची तार बोर्डामांगंच संपली, जमिनीत गेलीच नाई.” शिवाय चार्जरचा तीन पिनांचा प्लग मी दोन पिनांच्या जोडणीतून लावला होता, ही चूक निव्वळ माझी. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत, त्याकडेही मी दुर्लक्ष केले होते. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. तिच्या चुंबकीय लहरींना पेनातील वेटोळे प्रतिसाद देते आणि त्यावरून पेनाची जागा व दाब कळतो. हे संकेत अतिशय क्षीण असतात. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नसली की ती यूएसबीच्या तारेतून टॅब्लेटपर्यंत गोंधळ पोहोचवते आणि सावकाश चालणारा पेन त्यात डगमगतो.

घरामागे खड्डा खणून पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरले, तार आणून जोडली आणि दोन पिनांची जोडणी काढून टाकली. सामान आणि मजुरी मिळून १,८५० रुपये, म्हणजे टॅब्लेटच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम अक्षरशः खड्ड्यात गेली. थरथर थांबली. कंपनीवरील माझा राग निम्मा ओसरला; उरलेला निम्मा कायम आहे, कारण इतक्या भाषांत छापलेल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही आणि एवढ्या पत्रांत ‘चार्जर काढून पाहिला का’ हा एक प्रश्न कोणी विचारला नाही.

नंतरचे महिने खरोखर आनंदात गेले. दाबानुसार जाड-बारीक होणारी रेषा आता बोरूच्या वळणाजवळ जाते आणि तान्ह्या पोळ्यासाठी काढलेल्या बैलाचे वशिंड एका दमात उतरते. टॅब्लेटवर कागद चिकटवून कागदाचा भास आणण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. मी ऐकला आणि तीन आठवड्यांत निब तासणीसारखी तिरपी झिजली. बाजूच्या बटणांपैकी मी फक्त ‘मागे जा’ वापरतो.

मे महिन्यात थरथर परतली तेव्हा पहिल्यांदा खड्ड्याकडेच गेलो. आमची जमीन काळी. उन्हाने तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपाभोवतीची माती सुकून सुटली होती. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. दोन बादल्या पाणी ओतले, अर्ध्या तासाने रेषा ओढली, सरळ आली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी पाणी घालतो. कढीपत्त्याचे झाड सुकले तरी तुमचा खड्डा मात्र ओला, असे सौभाग्यवती म्हणतात. आता एक बादली तिकडेही जाते.