ढकलायचं लॉन मशीन : दसऱ्यानंतर सोनं, आषाढात लोखंड

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीतल्या बंगल्यांपुढं असतो तसा हजार-दीड हजार चौरस फुटांचा हरळीचा तुकडा असेल, तर हाताने ढकलून गवत कापायचं १४ इंची (म्हणजे तेवढा रुंद पट्टा कापणारं) मशीन पुरतं. १८ इंची घेऊ नका. ढकलताना दम निघतो, शिवाय कोपऱ्यात वळत नाही.

या मशीनमध्ये फिरत्या पात्यांचा रूळ असतो आणि त्याखाली एक स्थिर पातं. कापणी कात्रीसारखी होते, म्हणून सगळा खेळ या दोन्हींमधल्या फटीचा. नव्या मशीनमध्येही ती जुळलेली असेलच असं नाही. वर्तमानपत्राची पट्टी स्थिर पात्यावर धरा, दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवा, बोटं लांब ठेवा. डावीकडं कागद कापला आणि उजवीकडं नुसता दुमडला, तर उजवा बोल्ट पाव आटा आवळायचा आणि पुन्हा बघायचं. दोन्ही टोकांना आणि मध्ये कागद सुटसुटीत कापला की हात आवरा. जास्त आवळलं तर पाती खरखरतात, मशीन जड होतं, धार जाते. सैल राहिलं तर गवत चिरडतं आणि दोन दिवसांत शेंडे पांढरट पडतात. रोग समजून त्यावर बुरशीनाशक मारणारे कमी नाहीत!

बेळगावची लाल माती या मशीनची खरी वैरी. जांभ्याचा हरभऱ्याएवढा खडा पात्यात गेला की स्थिर पात्याला खाच पडते, आणि मग प्रत्येक फेरीला तेवढ्याच जागी मिशीसारखी गवताची रेघ उभी राहते. म्हणून आधी खराटा फिरवायचा, मग मशीन. बारीक खाच घरी निघते : चाक काढायचं, धारेला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावून रूळ उलटा फिरवायचा, शेवटी डिझेलने पुसायचं. खाच खोल असेल तर उद्यमबागेतलं एखादं वर्कशॉप गाठावं.

पावसाळ्यात मात्र हे मशीन नापास. खानापूर-बेळगाव बाजूला आषाढात गवत वाळतच नाही. ओल्यावर चाकं घसरतात, आणि चाक घसरलं की रूळ थांबतो. हरळी चार इंचांवर गेली की मशीन ती कापत नाही, निजवतं. अशा वेळी दोऱ्याच्या ग्रास कटरने पावणेतीन इंचांवर आणायची. पुढं उघडीप मिळाली की चार-पाच दिवसांच्या अंतराने मशीनने आधी दोन, मग दीड इंच. एका दमात एक तृतीयांशाहून जास्त कापलं तर खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात. अथणीकडं पाऊस कमी, तिथं हा त्रास फारसा नाही.

लव्हाळ्याच्या ताठ दांड्याही पात्यांतून निसटतात. त्यांना खुरपंच हवं, आणि जमिनीतल्या गाठीसकट.

भिंतीलगत चाकाच्या रुंदीएवढी पट्टी सुटते, ती कात्रीने घ्यावी लागते. काम झालं की पाती ब्रशने झाडून तेलाचा हात फिरवा, नाहीतर इथल्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.

कापलेलं गवत झेलायच्या कापडी टोपलीचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. पाच-सहा दिवसांनी कापलेलं अर्ध्या इंचाचं गवत तिथंच मुरतं.